‘हे लिहून आमाले काय भेटन?’

ताई,
मी सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दोन वर्षांत आमच्या जिल्ह्यात ज्या घरांत आत्महत्या झाली, त्या घरच्यांशी बोलून कारणांचा अभ्यास करायचा, असा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. प्रश्नावली तपासून बघायला म्हणून तीन घरांत जाऊन आले. तिसऱ्या घरात माझ्याच वयाची बाई होती, कडेवर पोरगं. सगळं ऐकून घेतलं, सही करायला पेन हातात घेतला आणि म्हणाली, ‘हे लिहून आमाले काय भेटन?’ मी म्हटलं, पुढे धोरण ठरवायला उपयोग होतो. ती काही बोलली नाही, सही केली. त्या रात्री मी जेवले नाही.
मी नववीत असताना माझे काका असेच गेले. घरात आम्ही ‘हार्ट अटॅक’ म्हणतो. आई म्हणते, ज्या घरात झालं त्याच घरच्या पोरीनं दुसऱ्यांकडे जाऊन तेच उकरायचं? पुढे तुझं लग्न व्हायचंय. मैत्रीण म्हणते, असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसलेलं शिरतं. गाइड म्हणतात, तू भावनिक होते आहेस, रक्तक्षयावर प्रबंध कर. प्रश्नावली आणि संमतिपत्रक सोबत पाठवते आहे. विषय सोडू का?
– एक विद्यार्थिनी, विदर्भ

तू ‘ताई’ म्हटलंस, म्हणून सरळ अगंतुगंवर येते.

त्या रात्री जेवली नाहीस, हे वाक्य मी दोनदा वाचलं. म्हणून तुझ्या प्रश्नांआधी माझा एक प्रश्न. काकांच्या आठवणीनं असो की या कामानं, तुला स्वतःला कधी जगू नये असं वाटतं का? हो असेल, तर प्रबंध राहू दे बाजूला. १४४१६ हा सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, टेली-मानसचा नंबर आहे. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तिथे फोन कर, आणि जिच्यापाशी मोकळं रडता येईल अशा एका माणसाला आजच्या आज सांग. उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढे वाच. आणि माझा प्रश्न वाचताना काय वाटलं, तेही ध्यानात ठेव.

कारण मैत्रिणीच्या भीतीचं उत्तर त्यातच आहे. तिची भीती प्रामाणिक आहे. मी कामाला लागले तेव्हा आम्हालाही हेच सांगत, की नाव काढू नका. पण पुढे लोकांनी ती भीतीसुद्धा तपासून पाहिली. २०१४ साली तेरा अभ्यास एकत्र ठेवून एक आढावा प्रसिद्ध झाला. आत्महत्येच्या विचारांविषयी विचारल्यामुळे ते विचार वाढले, असं त्यातल्या एकाही अभ्यासात आढळलं नाही. विचारल्यावर मन थोडं हलकं होण्याचीच शक्यता दिसली. तेव्हा तू विचारलंस म्हणून कुणाचं वाईट होणार नाही. विचारून झाल्यावर तू काय करतेस, इकडे मात्र माझं लक्ष आहे, आणि त्याचं कारण सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका मेडिकल कॉलेजच्या सर्वेक्षणात घरोघरी फिरत होते. एका ओसरीवर बसून एका सुनेला यादीतला प्रश्न विचारला, गेल्या महिन्याभरात जगणं नको असं वाटलं का? सासू शेजारीच तांदूळ निवडत होती. सून ‘नाही’ म्हणाली, मी ‘नाही’वर खूण केली. संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर उभी होते, तर ती मागून आली. डोक्यावर पदर, हातात रिकामी पिशवी, म्हणजे दुकानात जायचं निमित्त काढून आलेली. म्हणाली, ‘मघाशी हो म्हणायचं होतं.’ माझ्याकडे त्या दिवशी काहीही नव्हतं. कुणाचा नंबर नाही, चिठ्ठी लिहून द्यायला डॉक्टरचं नाव नाही. प्रकल्प आखणाऱ्यांनी तसं काही दिलंच नव्हतं, आणि मीही मागितलं नव्हतं. तेवढ्यात गाडी आली. मी फॉर्म काढला, ‘नाही’ खोडून ‘हो’ केलं आणि गाडीत बसले. आठ दिवसांनी परत गेले, तेव्हा ती होती. तिला घेऊन तालुक्याला डॉक्टरांकडे गेले, पुढे दोन-तीन वर्षं जाऊन-येऊन राहिले. पण ते आठ दिवस मला आजही झोपेतून उठवतात. त्या रात्री तुझ्या घशाखाली घास का उतरला नाही, ते मला कळतं. गाइड त्याला भावनिक होणं म्हणतात, आणि मला वाटतं ज्याला तसं होतच नाही त्यानं हे काम करू नये.

आता तुझे कागद. संमतिपत्रकाच्या तिसऱ्या ओळीत ‘मनोवैज्ञानिक शवविच्छेदन’ असा शब्द आहे. इंग्रजी संज्ञेचं भाषांतर म्हणून तो बरोबर असेल. पण ज्या घरातला माणूस पोस्टमॉर्टेमला नेला आणि संध्याकाळी पांढऱ्या कपड्यात बांधून परत आला, त्या घरच्या बाईला हे वाचून दाखवणार आहेस? तिला वाटेल, आणखी काय फाडायचं राहिलं. खोड तो शब्द. ‘त्यांच्या शेवटच्या वर्षाबद्दल घरच्यांशी बोलणं’ असं लिही, कुणालाही समजेल. सहाव्या प्रश्नात ‘घरात औषधं कुठे ठेवता?’ असं आहे. अगं, आपल्याकडे तापाचंही औषध आणि फवारणीचंही औषधच. एक घर देवळीतली क्रोसिन दाखवेल, दुसरं घर गोठ्याकडे बोट करेल, आणि तू दोन्ही एकाच रकान्यात भरशील.

नववा प्रश्न मला सर्वांत जास्त खटकला. ‘मृत्यूचं कारण (एकच पर्याय निवडा)’. पोलिसांच्या कागदात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि पुढे कारणाचा एक रकाना भरला जातो, तीच सवय तुझ्या प्रश्नावलीत उतरली आहे. विदर्भातल्या शेतकऱ्यांनाच ‘तुमच्या मते ही वेळ का येते?’ असं विचारून केलेला एक अभ्यास २०१२ साली आला. त्यांनी मोकळेपणानं सांगितलेल्या यादीत कर्ज होतं, व्यसन होतं, निसर्ग होता, मालाला न मिळणारा भाव होता, मनावरचा ताण होता आणि घरच्या जबाबदाऱ्याही होत्या. हे सगळं एकाच माणसाच्या एकाच वर्षात घडू शकतं. बोंडअळीनं कपाशी गेली, त्या महिन्यात मुलीची सोयरीक मोडली आणि त्याच महिन्यात पाठीचं दुखणं उसळलं, यातलं कोणतं ‘एक’ निवडायचं? आणि हे सगळं सोसूनही जी हजारो माणसं जगत राहतात, त्यांना कशानं धरून ठेवलं, हा प्रश्न तुझ्या सात पानांत एकदाही नाही.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरून आलेल्या संशोधकाला कळत नाही पण तुला कळायला हवी. आपल्या सरकारच्या २३ जानेवारी २००६ च्या निर्णयानुसार शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात घरच्यांना एक लाखाची मदत मिळते, पण प्रकरण ‘पात्र’ ठरलं तरच. त्यासाठी जमिनीची नोंद लागते, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं, ते थकलेलं लागतं. ज्या घराचं प्रकरण तहसिलीत अडकलंय, त्या घरात कुणी फाइल घेऊन शिरलं की तो माणूस सरकारीच वाटतो. मग दारूचं, आजारपणाचं, नवरा-बायकोतल्या अबोल्याचं कोण बोलेल? सगळी उत्तरं कर्जाकडे वळणार. त्यात लोकांचा खोटेपणा नाही, त्यांना लेकरं जगवायची आहेत. म्हणून पहिलं वाक्य हेच असू दे, की माझ्या लिहिण्यानं तुमची मदत मिळणार नाही आणि जाणारही नाही.

याच नियमांतून बायका निसटतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशभरात १,७०,९२४ आत्महत्या आहेत, महाराष्ट्रातल्या २२,७४६, सगळ्या राज्यांत जास्त. शेती क्षेत्रातल्या म्हणून देशात ११,२९० मोजल्या, त्यांत शेती कसणाऱ्या शेतकऱ्यांपेक्षा शेतमजूर जास्त. आणि ‘गृहिणी’ म्हणून मोजलेल्या पंचवीस हजारांहून अधिक. निंदण, वेचणी, फवारणीला पाणी नेणं यात आयुष्य गेलेली बाई, सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून ‘गृहिणी’च्या रकान्यात जाते. तिच्यासाठी मोर्चा निघत नाही, तिच्या घरी कुणी पुढारी येत नाही. तुझ्या प्रबंधाच्या शीर्षकातही ‘शेतकरी कुटुंबप्रमुख’ असं आहे, म्हणजे तिथेही ती नाही.

मोजण्यानं काय होतं, असं तुला वाटत असेल, म्हणून हे सांगते. २००१ ते २००३ या काळात देशभरातल्या अकरा लाख घरांत काय मृत्यू झाले, हे घरच्यांना विचारून लिहून घेतलं गेलं. विचारणारे डॉक्टर नव्हते, साधे प्रशिक्षित सर्वेक्षक होते, तुझ्यासारखेच ओसरीवर बसणारे. ती टिपणं मग दोन-दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता वाचली. त्यावरून गोव्याच्या ‘संगाथ’ या संस्थेचे डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली हिशेब मांडला, की २०१० मध्ये देशात १,८७,००० आत्महत्या झाल्या असाव्यात. पोलिसांच्या नोंदीत त्या वर्षी १,३४,५९९ होत्या. मधली पन्नास हजार माणसं आपल्या कुणाच्याच हिशेबात नव्हती. कुठे ती ‘हार्ट अटॅक’ होती, कुठे ‘पाय घसरला’. तुझे काकाही अशाच कुठल्या रकान्यात असतील.

तर त्या बाईचा प्रश्न. तिला तू दिलेलं उत्तर खोटं नव्हतं, अर्धं होतं. तिला स्वतःला काही मिळणार नाही, हे तू सांगायला हवं होतंस. मग दुसऱ्या कुणाला तरी मिळतं का? मिळतं, आणि ते मी ठामपणे सांगू शकते.

श्रीलंकेचं बघ. १९९५ च्या सुमारास तिथे लाखामागे ४७ आत्महत्या होत होत्या. माणसं कुठल्या विषानं दगावतात, हे दवाखान्यांतून नीट लिहून ठेवलं गेलं, सरकारनं सर्वांत घातक कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बाजारातूनच काढली. २००५ पर्यंत ते प्रमाण लाखामागे २४ वर आलं, आणि शेतीचं उत्पन्न काही घटलं नाही. त्या दहा वर्षांत तिथली दुःखं निम्मी झाली नव्हती, युद्धही संपलं नव्हतं. पण ती असह्य घटका बहुधा निघून जाते, आणि त्या घटकेला जीवघेणं काही हाताशी नसेल तर माणूस वाचतो. वाचलेल्यांतले बहुतेक पुढे जगतात. त्याच देशात आणखी एक कल्पना पुढे आली, कीटकनाशक ठेवायला घरोघरी कुलपाची पेटी द्यायची. ऐकायला किती शहाणी वाटते! १८० गावांत, त्रेपन्न हजारांवर घरांपैकी निम्म्यांना पेट्या देऊन तीन वर्षं पाहिलं आणि २०१७ साली सरळ लिहिलं, की पेट्यांनी फरक पडला नाही. मला या अभ्यासाबद्दल फार आदर आहे. आपल्या मनातली चांगली कल्पना कामाची नाही हे कबूल केल्यामुळे पुढचा पैसा पेट्यांवर वाया जायचा वाचतो.

दुसरं उदाहरण चेन्नईचं. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक साधी गोष्ट करून पाहिली, त्यात चेन्नईचा दवाखाना होता. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचून आलेल्या माणसाशी घरी जाण्याआधी तासभर बोलायचं, आणि मग दीड वर्षात नऊ वेळा फोन करायचा किंवा घरी जायचं. बस, एवढंच. एकूण १,८६७ माणसं होती. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत दीड वर्षात शेकडा २.२ जण आत्महत्येनं गेले, ज्यांची अशी विचारपूस होत राहिली त्यांच्यात शेकडा ०.२. हे २००८ साली प्रसिद्ध झालं. नऊ फोन! आपल्या किती ग्रामीण रुग्णालयांतून डिस्चार्जनंतर एक तरी फोन जातो?

आणि अगदी आपल्या शेजारचं म्हणजे अमरावती जिल्ह्यातला ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प. ३० गावांत गावातल्याच माणसांना शिकवून, समुपदेशक नेमून, गरज पडेल तिथे डॉक्टरपर्यंत पोचवून पाहिलं. उदासीनतेच्या आजारासाठी उपचारापर्यंत पोचणारी माणसं दीड वर्षात शेकडा चारांवरून सत्तावीसवर गेली. गेल्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आले असं सांगणारे शेकडा ५.२ होते, ते २.५ झाले. केवळ त्या कामामुळेच झालं असं छातीठोक म्हणता येणार नाही, कारण शेजारी तुलनेची गावं नव्हती. पण आपल्या मातीत हे करता येतं, एवढं तरी दिसलं.

आता माझं मत. विषय सोडू नकोस, प्रश्न बदल. एका पदव्युत्तर प्रबंधासाठी, एकट्या मुलीनं, वीस-पंचवीस दुखावलेल्या घरांची खपली काढावी, हे मला पटत नाही. ‘कारणं’ या विषयावर विदर्भात २००५-०६ पासून अहवालांवर अहवाल झाले आहेत, त्यांत तुझी भर फार थोडी पडेल. ज्याचं उत्तर तुझ्या जिल्ह्यात कुणी लिहून ठेवलेलं नसेल, ते विचार. प्रयत्नातून वाचलेला माणूस ग्रामीण रुग्णालयातून घरी गेला, की पुढे काय होतं? त्याला कुणी मानसोपचाराची चिठ्ठी दिली का? आशाताईला कळवलं जातं का? की एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस झाली, पोलीस येतील, म्हणून घरचे ‘चुकून झालं’ सांगतात आणि दुसऱ्याच दिवशी त्याला उचलून घरी नेतात? मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम २०१८ पासून लागू आहे. प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, असं ते सांगतं. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलमही जुलै २०२४ पासून गेलं. हे वॉर्डातल्या सिस्टरला माहीत आहे का, एवढं जरी तू तपासलंस तरी तो अभ्यास होईल. यासाठी आधी डॉक्टर, सिस्टर, आशा, समुदाय आरोग्य अधिकारी यांच्याशी बोलायचं आहे, आणि त्यांच्याशी बोलल्यानं कुणाची जखम उघडी पडत नाही.

गाइडना हे दाखव. ते तयार झाले, तरी अटी घाल: तुझ्या स्वतःच्या तालुक्यात मुलाखती नकोत, दिवसाला एकीपेक्षा जास्त नको, सोबत कुणीतरी हवं, आणि आठवड्यातून एकदा गाइडनी तासभर बसून तू काय ऐकलंस ते ऐकायचं. मुलाखतीत कुणी ‘हो’ म्हटलंच तर त्याच दिवशी कुणाला फोन करायचा, त्या माणसाचं नाव आणि नंबर नीतिशास्त्र समितीच्या अर्जात हवं, नुसतं ‘योग्य ठिकाणी पाठवू’ चालणार नाही. यातलं काहीच होणार नसेल, तर खुशाल रक्तक्षयावर प्रबंध कर. तोही कमी महत्त्वाचा विषय नाही, आणि हा दोन वर्षांनी घेता येईल.

आईशी वाद घालू नकोस. तिच्या बोलण्यात लग्नाची काळजी वर दिसते, खाली मला तिचं न रडलेलं रडू दिसतं. नववीपासून तुम्ही तिघी-चौघी ‘हार्ट अटॅक’ म्हणत आलात, तो शब्द तिनंच आधी उच्चारला असेल, पोरांना जपायला म्हणून. एखाद्या दुपारी ती भाजी निवडत बसली असेल तेव्हा काकांचं काहीतरी चांगलं काढ, त्यांची चालायची ढब, तुला आणून दिलेली एखादी वस्तू. ती बोलली तर बोलू दे. उठून गेली तर जाऊ दे, पुन्हा केव्हातरी. कागद-पेन जवळ नको.

आणि त्या तिसऱ्या घरी परत जायचंच आहे. प्रश्नावली नेऊ नकोस. तिला सांग, त्या दिवशी मी नीट उत्तर दिलं नाही, यातून तुम्हाला काही मिळणार नाही, तुमची माहिती मी वापरणार नाही, हवं तर हा सही केलेला कागद तुमच्यासमोर फाडते. तिला विचार, कशी आहेस, झोप लागते का, जगू नये असं वाटतं का. १४४१६ मोठ्या अक्षरात लिहून दे, तिच्या गावच्या आशाताईला आधी भेटून सोबत घेऊन जा, आणि विधवा पेन्शनचा अर्ज झाला आहे का तेही बघ. रोहिणी लागायच्या आत जा. एकदा मृग बरसला की ती पेरणीला जाईल आणि दिवसभर घरी सापडणार नाही.